घरबसल्या सुरू होणारी मोटर नक्की बंदही होते का?

कृष्णा-वारणेकाठच्या ऊस पट्ट्यात आणि माण-खटाव-जत-आटपाडीच्या बोअरवेलींवर गेल्या काही वर्षांत मोबाईलवरून चालणारे स्टार्टर सर्रास दिसू लागले आहेत. त्यांच्याबरोबर शेतकऱ्यांचे प्रश्नही वाढले आहेत. ऑटोस्विच आणि मोबाईल स्टार्टर एकच का? महावितरण ऑटोस्विच काढायला सांगते, मग मोबाईल स्टार्टर चालतो का? बसवूनही मोटर जळाली, तर दाद कुणाकडे मागायची? उत्तरे मिळतात ती बहुधा विक्रेत्याकडून, आणि विक्रेता दाखवतो ती सोय सुरू करण्याची: मिस्ड कॉल द्या, मोटर चालू. या लेखाचे म्हणणे असे की, खरेदीपूर्वी तपासायची गोष्ट दुसरीच आहे. माणूस जवळ नसताना, फोन लागत नसताना, एक फेज गेलेला असताना, विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना मोटर आपली आपण आणि वेळेत बंद होते का, हे आधी पाहा. तेवढे जमत असेल तर घरून सुरू करण्याची सोय हक्काने घ्या. जमत नसेल तर ती सोय महागात पडेल.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, शेतकऱ्याची खरी अडचण सुरू करण्याचीच आहे. तीन फेज वीज पाळीने येते आणि रात्रीची पाळी असली की अंधारात मोटरीपर्यंत जावे लागते. कराड, पाटण, वाळवा, शिराळा या तालुक्यांत उसात बिबट्याचा वावर आहे आणि सापाची भीती तर सगळीकडेच आहे. हा आक्षेप खरा आहे. याच अडचणीतून पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे मोबाईलवरून पंप चालवणारे यंत्र तयार केले आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. पण रात्री मोटरीजवळ जाणे टळले, म्हणजे तिथे काय बिघडले ते पाहायलाही कुणी उरले नाही. पूर्वी मोटर घरघरली, पाइप फुटला, फुटव्हॉल्व्हने पाणी सोडले की माणूस लाल बटण दाबायचा. त्याचे हे काम आता यंत्राला करावे लागणार आहे.

बाजारात काय मिळते?

दुकानात तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. त्यांतील फरक आधी समजून घ्या.

- ऑटोस्विच: वीज आली की मोटर सुरू करतो. शेतात पाणी हवे आहे का, विहिरीत पाणी आहे का, मोटरीवर कुणी काम करत आहे का, यातले त्याला काही कळत नाही. स्वस्त आहे, म्हणून जास्त खपतो.
- मोबाईल स्टार्टर: यात सिमकार्ड असते. कॉल, एसएमएस किंवा ॲपवरून तुम्ही सांगाल तेव्हाच मोटर सुरू-बंद होते. चांगल्या यंत्रात व्होल्टेज, करंट आणि फेजची माहिती परत फोनवर येते.
- सौर पंपाचा कंट्रोलर: ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून घेतलेल्या पंपाला स्वतःचा कंट्रोलर असतो आणि ५ वर्षे दुरुस्तीची हमी असते. त्यावर बाहेरचे यंत्र परस्पर जोडले, तर हमीवरून वाद होतो. दूरनियंत्रण हवे असेल तर पुरवठादार कंपनीकडूनच लेखी होकार घेऊन जोडून घ्या.

बऱ्याच मोबाईल स्टार्टरमध्ये ‘ऑटो मोड’ही असतो. तो चालू ठेवला की महागडे यंत्र पुन्हा ऑटोस्विचच होऊन बसते. म्हणून यंत्र कोणते घेतले यापेक्षा ते कोणत्या मोडवर ठेवले याला महत्त्व आहे.

ऑटोस्विचचा हिशेब

महावितरण ऑटोस्विच काढण्याचे आवाहन वारंवार करते आणि बरेच जण ते कंपनीची सबब म्हणून सोडून देतात. हिशेब मांडून पाहू. ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता सुमारे ८४ अँपिअर. ५ एचपीची मोटर चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे अशा दहा मोटरी चालल्या तर ७५ अँपिअर. डीपी हे ओझे पेलते. पण थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना पहिले काही सेकंद तिचा करंट पाच ते सात पट असतो. वीज आल्या क्षणी दहाही ऑटोस्विच एकदम लागले, तर मागणी ४५० अँपिअरच्या घरात जाते, म्हणजे डीपीच्या क्षमतेच्या पाच पटींहून अधिक. व्होल्टेज कोसळते, त्यामुळे मोटरी पूर्ण वेग घेत नाहीत. वेग न आल्याने करंट उतरत नाही. मग फ्यूज उडतो किंवा डीपी जळतो. डीपी बदलून येईपर्यंत ज्यांच्याकडे ऑटोस्विच नव्हता त्यांचाही ऊस वाळतो.

“सगळ्यांनी ऑटो लावलेत, मी एकट्याने काढून काय होणार?” हा दुसरा आक्षेप. एकट्याने काढल्याने डीपी वाचेलच असे नाही, हे मान्य. तरी तुमची मोटर वाचते. वीज आल्यावर काही मिनिटांनी सुरू होणाऱ्या मोटरीला सावरलेले व्होल्टेज मिळते. पहिल्या गर्दीत घुसणाऱ्या मोटरीला ते मिळत नाही. आणि सर्वांचा प्रश्न सोडवायला एका डीपीवरच्या शेतकऱ्यांची एक बैठक पुरते. प्रत्येकाने आपल्या यंत्रातील ‘ऑन डिले’ वेगळा ठेवायचा: पहिल्याने १ मिनिट, दुसऱ्याने २, तिसऱ्याने ३. दहावी मोटर दहा मिनिटांनी सुरू होईल. एवढ्या उशिराने कुणाचे पीक जात नाही. जोडीला क्षमतेप्रमाणे कपॅसिटर लावा. ३ एचपीला १, ५ एचपीला २ आणि साडेसात एचपीला ३ केव्हीएआर असे प्रमाण साधारणपणे धरतात. कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटरीच्या बाजूला हवा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही सुटतो.

जोडणी कशी असावी?

मोबाईल यंत्र तुमच्या जुन्या स्टार्टरची जागा घेत नाही; ते त्याच्या बटणांना जोडले जाते. हिरवे बटण क्षणभर दाबले की कॉइल ओढली जाते, लाल बटण दाबले की कॉइलचा प्रवाह तुटतो. म्हणून यंत्राचा ‘सुरू’चा संपर्क हिरव्या बटणाला समांतर आणि ‘बंद’चा संपर्क लाल बटणाच्या ओळीत, म्हणजे सिरीजमध्ये असायला हवा. अशा जोडणीत ‘बंद’ची वायर उंदराने कुरतडली तरी मोटर थांबते. घाईत काही कारागीर लाल बटण आणि ओव्हरलोड रिले दोन्ही बाजूला ठेवून कॉइलला थेट वीज देतात. त्यातही मोटर फोनवरून झकास चालते, म्हणून मालकाला शंका येत नाही. पण जाग्यावरचे लाल बटण निकामी झालेले असते आणि ओव्हरलोड झाल्यावर तोडणाराही कुणी उरलेला नसतो.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा त्याच्या जाणत्या वायरमनकडून या क्रमाने करून घ्या:

1. मोटर, केबल, स्टार्टर आणि अर्थिंग आधी तपासा. कॉन्टॅक्ट चिकटणाऱ्या स्टार्टरवर मोबाईल यंत्र बसवू नका. चिकटलेला कॉन्टॅक्ट कोणत्याही कॉलने सुटत नाही.
2. ऑइल स्टार्टर किंवा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर यंत्र त्या प्रकाराला चालते याची विक्रेत्याकडून लेखी खात्री घ्या.
3. पेटीवर ‘हाताने – बंद – मोबाईल’ असा तीन जागांचा सिलेक्टर बसवा.
4. ओव्हरलोड रिले मोटरीच्या नेमप्लेटवरील अँपिअरला लावा. सारखा ट्रिप होतो म्हणून तो वाढवून ठेवू नका. ट्रिप होण्याचे कारण शोधा.
5. अर्थ-गळतीला तोडणारा ब्रेकर आणि वळवाच्या विजांपासून बचाव करणारा सर्ज अरेस्टर घ्या.
6. मीटर आणि त्याच्या अलीकडची महावितरणची जोडणी यांना हात लावू नका. यंत्राला मीटर टाळून वीज देणे ही विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली चोरी ठरते.

आपोआप बंद होण्याची चार कारणे

यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, खालच्या चार प्रसंगी त्याने फोनची वाट न पाहता मोटर थांबवली पाहिजे.

- फेज गेला: तीन फेजची मोटर चालू असताना एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजवर जवळजवळ पावणेदोन पट करंट येतो आणि वाइंडिंग जळते. ‘टू-फेज मोड’ देणारी यंत्रे मिळतात, पण कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवण्याचा उद्योग निदान दुरून तरी करू नका.
- फेज उलटले: लाइन दुरुस्तीनंतर फेजचा क्रम बदलला तर मोटर उलटी फिरते. आवाज येतो, बिघाड कळत नाही, पाणी मात्र नीट येत नाही.
- पाणी संपले: पंप कोरडा चालला की करंट घटतो; त्यावरून यंत्राने ओळखून बंद करावे. माण, जत, आटपाडीकडे बोअर उन्हाळ्यात थांबून थांबून पाणी देतात; तिथे हे संरक्षण नसेल तर यंत्र घेऊच नका. नदीवरच्या मोनोब्लॉक पंपाचा फुटव्हॉल्व्ह गळत असेल तर प्रायमिंगशिवाय तो कोरडाच फिरणार, म्हणून आधी फुटव्हॉल्व्ह दुरुस्त करा.
- वेळ संपली: ‘दोन तासांनी बंद’ हा टाइमर यंत्रातच असावा, ॲपमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हरवर नको. फोन बंद असला, रेंज गेली तरी मोटर ठरल्या वेळी थांबली पाहिजे.

टाइमरवर तिसरा आक्षेप असा: साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून ५ वर्षे मोफत वीज आहे, मग मोटर चार तास जास्त चालली तर बिघडले कुठे? बिल येत नाही हे खरे, पण बिल हाच मोटर बंद करण्याची आठवण देणारा एक धाक होता आणि तो आता गेला. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, पलूस भागात अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी कुणाला दाखवायला नकोत. झोपेत राहून गेलेली मोटर पाण्याबरोबर खतही मुळांखाली नेते. क्षारपड झालेली जमीन पुन्हा वहिवाटीला आणायची तर निचऱ्याच्या पाइपांचा खर्च करावा लागतो. दुष्काळी पट्ट्यात तेच पाणी पुढच्या पाळीचे असते. त्यामुळे वीज मोफत असताना टाइमरची गरज वाढते, कमी होत नाही.

मोटरीवर माणूस असताना

दूरनियंत्रणातला सर्वांत मोठा धोका हा आहे. एक भाऊ फुटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलेला असतो आणि ‘लाईट आली’ म्हणून दुसरा भाऊ गावातून कॉल करतो. फोनवर “लावू नकोस” सांगून ठेवणे हे संरक्षण नव्हे, कारण यंत्र नोंदलेल्या प्रत्येक नंबरचे ऐकते. अमेरिकेत व्यावसायिक धान्यकोठारांसाठी असा सुरक्षा नियम आहे की, माणूस आत उतरण्यापूर्वी धान्य हलवणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरसारख्या यंत्रांची वीज तोडून त्यांना कुलूप लावायचे. विहिरीवरही हेच करा: सिलेक्टर ‘बंद’वर ठेवा, मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात घाला, पेटीला कुलूप लावा आणि किल्ली उतरणाऱ्याकडे द्या. पेटीवर ठळक अक्षरांत लिहा: ‘ही मोटर केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते.’

याच कारणाने उघडे पाते किंवा फिरता ड्रम असलेल्या यंत्रांना दूरवरून सुरू करण्याची सोय लावू नये. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, धान्य चढवणारा एलिव्हेटर, हळद पॉलिशचा ड्रम यांच्याजवळ माणूस, मूल किंवा जनावर कधीही असू शकते. पंपाचा पंखा बंद आवरणात असतो. यांचे तसे नाही. अशा यंत्रांना हवे तर फक्त दुरून बंद करण्याचे बटण लावा. सुरू करणारा माणूस यंत्रासमोर उभा असलाच पाहिजे.

सिम, रेंज आणि सामाईक विहीर

यंत्र २जी आहे की ४जी ते विचारा. जिओचे २जी जाळे नाही, त्यामुळे त्याचे सिम २जी यंत्रात चालणार नाही. विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज आहे ते सिम घेण्याआधी तिथे उभे राहून पाहा. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर फक्त कॉल-एसएमएसची रिचार्ज पॅक उपलब्ध झाली आहेत. कॉलवर चालणाऱ्या यंत्राला तेवढे पुरते. ॲपवर चालणाऱ्याला डेटा लागतो. रिचार्ज संपण्याची तारीख पेटीच्या आत लिहून ठेवा.

सामाईक विहिरीवर पाळीप्रमाणे कुणाचा नंबर केव्हा चालेल, हे भागीदारांनी कागदावर लिहून सह्या कराव्यात. सुरू करण्याचा अधिकार पाळीवाल्याला, बंद करण्याचा मात्र सर्वांना असावा. नदीवरून उपसा असेल तर उपसाबंदीच्या दिवसांत सिलेक्टर ‘बंद’वरच ठेवा, चुकून लागलेल्या कॉलनेही उपसा झाला तर जबाबदारी परवानाधारकाची राहते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठचे पंप, पेट्या पाण्याखाली गेल्या. पाणी चढू लागले की फोनवरून बंद करून भागत नाही, मेन स्विचच पाडावा लागतो. आणि पूर ओसरल्यावर वायरमनने मोटर-केबलचे इन्सुलेशन तपासल्याशिवाय मोबाईलवरून ‘सुरू’ करू नये. ठिबक असेल तर किमान एक व्हॉल्व्ह उघडा असल्याची खात्री झाल्यावरच कॉल करा.

पैसे देण्याआधी सहा चाचण्या

1. फोनवरून मोटर सुरू करा आणि जाग्यावरचे लाल बटण दाबा. मोटर थांबली पाहिजे आणि आपोआप पुन्हा सुरू होता कामा नये.
2. सिलेक्टर ‘हाताने’वर ठेवून कॉल करा. मोटर सुरू होता कामा नये.
3. न नोंदलेल्या नंबरवरून कॉल करा. यंत्राने दाद देऊ नये. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच वेळी बदला.
4. मेन स्विच पाडून पुन्हा चढवा. ऑटो मोड बंद असेल तर मोटर बंदच राहावी. चालू असेल तर ठरवलेल्या डिलेनंतरच लागावी.
5. वायरमनला एक फेज तोडायला सांगा. मोटर थांबून फोनवर संदेश आला पाहिजे.
6. टाइमर २ मिनिटांवर लावा आणि तुमचा फोन बंद करा. मोटर वेळेवर थांबली पाहिजे.

यातली एकही चाचणी फसली, तर बाकीचे पैसे देऊ नका. “नंतर सेटिंग करून देतो” हे उत्तर स्वीकारू नका.

तुमचे हक्क

- यंत्र सदोष निघाले तर: जीएसटीचे पक्के बिल, मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेले हमीपत्र घ्या. यंत्रामुळे मोटर जळाली तर भरपाई मिळेल का, हे हमीपत्रात वाचा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे घटनेपासून २ वर्षांत जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही.
- डीपी जळाला तर: महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ग्रामीण भागात जळालेला डीपी ४८ तासांत बदलण्याचे मानक आहे. मानक न पाळल्यास भरपाईची तरतूद विद्युत अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये आहे.
- तरीही दखल घेतली नाही तर: ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. महावितरणच्या रचनेत सांगली कोल्हापूर परिमंडलात आणि सातारा बारामती परिमंडलात येतो, त्याप्रमाणे मंच निवडा. मंचाचा निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येते.
- मंजूर भार: दूरनियंत्रण बसवताना मोटरही मोठी घातली, तर मंजूर भार वाढवून घ्या. वाढीव भार कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि साडेसात एचपीच्या पुढे गेल्यास मोफत विजेची सवलतही जाते.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. चांगले यंत्र, सिलेक्टर, सर्ज अरेस्टर, जाणता वायरमन यांचा खर्च साध्या ऑटोस्विचच्या कितीतरी पट होतो. पण पाणबुडी मोटर बोअरमधून काढून, भरून, पुन्हा सोडण्याच्या एका फेरीचा खर्च तुम्ही जाणता. पैसे अपुरे असतील तर आधी फेज, कोरडा पंप आणि वेळ यांवर बंद करणारे संरक्षण बसवा, मोबाईलची जोड पुढच्या हंगामात द्या. उलट क्रमाने जाऊ नका. आणि सध्या पेटीत ऑटोस्विच असेल, तर डीपीवरच्या शेजाऱ्यांना बोलावून डिलेची यादी याच आठवड्यात ठरवा. त्याला काहीच खर्च येत नाही.